जुन्या अमेरिकन टँक वॅगनवर गॅलन पण आणि पौंड पण, मग खरा लोड कोणता धरायचा?

एचओवाला_नागपूर:

नमस्कार मंडळी. मी घरी एक छोटा लेआउट बनवून राहिलो, एचओ स्केल म्हणजे १:८७. मावसभाऊ अमेरिकेतून आला तेव्हा माझ्यासाठी एका जुन्या टँक कारचं किट घेऊन आला, १९२०-३० च्या काळातली गाडी आहे, पूर्ण काळी, सगळीकडे रिव्हेट आणि टाकीच्या वर मधोमध एक जाडा गोल डोम. जोडून झाली, रंग पण झाला, आता डेकल (चिकटवायची छापील अक्षरं) लावताना अडकलो.

टाकीच्या टोकावर लावायला ८००० गॅलन असं आहे, आणि खाली फ्रेमवर लावायला कॅपॅसिटी १००००० पौंड. आता ८००० गॅलन पेट्रोलचं वजन काढलं तर ५०००० पौंडाच्या आतच येतं. म्हणजे अर्धी गाडी रिकामी चालायची का? दोन्हीतला खरा लोड कोणता हे काही समजूनच नाही राहिलं. लेआउटच्या बाजूला मला एक पाटी लावायची आहे, सोसायटीतली पोरं पाहायला येतात, त्यांना चुकीचं सांगायची इच्छा नाही.

दुसरं, तो डोम कशासाठी? आपल्या इथे अजनीच्या पुलावरून ज्या बीटीपीएनच्या (पेट्रोल-डिझेल नेणाऱ्या टँक वॅगनच्या) मालगाड्या दिसतात त्यांना एवढा मोठा डोम कधी पाहिला नाही. आणि बीटीपीएनच्या मानाने ही गाडी किती लहान धरायची? बीटीपीएनमध्ये ७० टन बसतं ना?

टाकीचं मोजमाप सांगतो, व्यास अंदाजे २३ मिलिमीटर, लांबी ११४ मिलिमीटर. कोणाला माहीत असेल तर जरा खोलात सांगा, घाई नाही.

इतवारीकर:

भाऊ, आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, हा अमेरिकन गॅलन आहे, ३.७८५ लिटरचा. आपल्याकडे जुन्या लोकांच्या डोक्यात ब्रिटिश गॅलन असतो, तो ४.५४६ लिटरचा. ८००० ला हा फरक सहा हजार लिटरचा पडतो, छोटा नाही.

आणि तुमच्या मोजमापावरूनच ताळा करता येतो. २३ मिमीला ८७ नं गुणलं की व्यास झाला २ मीटर, ११४ ला गुणलं की लांबी ९.९ मीटर. गोलाचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस मीटर, गुणिले ९.९, म्हणजे ३१ घनमीटरच्या थोडं वर. अमेरिकन गॅलनमध्ये हे ८२०० च्या आसपास येतं, त्यात तुम्ही बाहेरून मोजलंय आणि टाकीची टोकं पण थोडी गोलाई घेतलेली असणार, ते वजा केलं की बरोबर ८००० ला येऊन बसतं. ब्रिटिश गॅलन धरला तर ६८०० च येईल, जुळणारच नाही. म्हणजे किट बनवणाऱ्यानं माप प्रामाणिकपणे घेतलेलं आहे, छान किट मिळालं तुम्हाला.

८००० गॅलन म्हणजे ३०२८३ लिटर. बॅरलमध्ये सांगायचं तर ४२ गॅलनचा एक बॅरल, म्हणजे १९० बॅरल.

जुनी_टीएक्सआर_डायरी:

मी रेल्वेच्या सी अँड डब्ल्यूमध्ये, म्हणजे कॅरेज अँड वॅगन खात्यात, नोकरी केली, आता रिटायर आहे. अमेरिकन गाड्या हाताळल्या नाहीत पण टाकीचं गणित सगळीकडे सारखंच, म्हणून लिहितो.

बेटा, तू विचारलं खरा लोड कोणता. दोन्ही खरे आहेत. टँक वॅगनला नेहमी दोन मर्यादा असतात, एक टाकीची आणि एक चाकांची. टाकी सांगते किती लिटर मावतात, आणि खालचे अ‍ॅक्सल सांगतात किती वजन झेपतं. जी मर्यादा आधी गाठली जाते तिथे भरणं थांबवायचं. कोळशाच्या किंवा धान्याच्या डब्यात पण हेच आहे, पण तिथे माल साधारण ठरलेला असतो म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही. द्रव मालात पेट्रोल एका टोकाला आणि अ‍ॅसिड दुसऱ्या टोकाला, त्याच टाकीत वजनात अडीचपट फरक पडतो.

बीटीपीएन ७० टन नाही. ७० हा आकडा किलोलिटरचा आहे, ७०.४ किलोलिटर. अ‍ॅक्सल लोड मूळ डिझाइनला २०.३२ टन, चार अ‍ॅक्सल म्हणजे गाडीसकट ८१.२८ टन, त्यातून वॅगनचं स्वतःचं वजन २७ टन काढलं की उरतात ५४.२८ टन, हाच तिचा लोड. यार्डात हे टेअर (वॅगनचं स्वतःचं वजन) आणि सीसी (झेपणारा लोड) म्हणून वॅगनवरच रंगवलेलं असतं, जवळून पाहिलं की दिसतं.

आता याच वॅगनमध्ये माल बदलून पाहा. पेट्रोल अंदाजे ०.७४ घनतेचं, ७०.४ किलोलिटरचं वजन झालं ५२ टन. म्हणजे पेट्रोलनं टाकी जवळजवळ पूर्ण भरते आणि वजन पण जवळजवळ पूर्ण होतं, ही वॅगन पेट्रोल डोळ्यासमोर ठेवूनच बनलेली आहे, नावातला पी पण पेट्रोलियमचाच. डिझेल ०.८३, पूर्ण भरलं तर ५८ टन होईल, ते चालत नाही, म्हणून ६५ किलोलिटरच्या आसपास थांबावं लागतं. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात, आत डिझेलवालीत वरचा भाग रिकामा असतो.

मळीचा_हिशोब:

काकांनी सांगितलं त्याला जोडून लातूरचं उदाहरण देतो, कारण हा आकडा आपल्या सगळ्यांच्या डोळ्यासमोरून गेलेला आहे. एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी गेली, आठवत असेल. पहिली गाडी १२ एप्रिलला पहाटे पोहोचली, १० वॅगन, ५ लाख लिटर. नंतर ५० वॅगनची गाडी लागली तेव्हा २५ लाख लिटर म्हणत होते. वॅगन याच, बीटीपीएन, कोट्याच्या वर्कशॉपमध्ये वाफेनं आतून साफ करून आणलेल्या.

तेव्हा खूप लोक विचारत होते की टाकी ७० हजार लिटरची आहे मग ५० हजारच का भरून राहिले, लातूर तहानलेलं आहे आणि तुम्ही २० हजार लिटरची जागा रिकामी ठेवता. ते रिकामी ठेवत नव्हते, त्यांच्या हातातच नव्हतं. पाणी म्हणजे एक लिटरला एक किलो, आणि वॅगनला झेपतात ५४ टन, तर ५४ हजार लिटर हीच पाण्याची कमाल मर्यादा, मग भरताना थोडं कमी धरून ५० हजाराचा हिशोब. टाकी ७० भरली असती तर प्रत्येक अ‍ॅक्सलवर जवळजवळ २४ टन आले असते, आणि खाली रूळ, पूल, ब्रेक सगळंच २०.३२ चा हिशोब धरून बसलेलं. मिरज ते लातूर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात आहे, एवढ्या अंतरावर जास्तीचा लोड घेऊन जाणं म्हणजे लोकांचं पाणी रस्त्यातच अडकवणं.

मला हे उदाहरण महत्त्वाचं वाटतं कारण इथे कमी भरण्याचा अर्थ कामचुकारपणा असा काढला गेला आणि त्यात खरी मेहनत करणाऱ्या लोकांवर अन्याय झाला.

एचओवाला_नागपूर:

काका आणि सगळ्यांचेच मनापासून आभार, लातूरवाला हिशोब तर पाटीवर लिहिण्यासारखाच आहे, पोरांना लगेच समजेल. पण मग माझ्या गाडीवर १००००० पौंड का? पेट्रोल भरलं तर ८००० गुणिले ६.१ म्हणजे ४८८०० पौंड. चाकांना एक लाख पौंड झेपतात आणि टाकीत ४९ हजारच मावतात, एवढी मोठी बोगी (चाकांचा सांगाडा) खाली लावायचीच कशाला?

मळीचा_हिशोब:

कारण ती गाडी फक्त पेट्रोलसाठी नव्हती. १००००० पौंड म्हणजे त्यांची ५० टनी बोगी (त्यांचा टन २००० पौंडाचा, म्हणजे आपले ४५ टन), ती त्या काळात सगळ्याच प्रकारच्या मालडब्यांखाली लागायची. त्याआधी ४० टनी बोगीवर पण ८००० गॅलनच्या गाड्या असायच्या.

आता त्याच ८००० गॅलनमध्ये मळी (मोलॅसिस) भरा. आपल्या साखर कारखान्यातून निघते तीच मळी, घनता १.४ च्या आसपास, एका अमेरिकन गॅलनला पावणेबारा पौंड धरा. ८००० गॅलनचे झाले ९४००० पौंड. बघा, आली की नाही एक लाखाच्या जवळ! म्हणजे मळी किंवा मक्याचं सिरप नेणाऱ्याला या गाडीत टाकी पण भरून मिळते आणि बोगी पण.

आणि पुढे जाऊन सल्फ्युरिक अ‍ॅसिड भरायला गेलात तर एका गॅलनला १५.३ पौंड, ८००० चे झाले १२२४०० पौंड, हे झेपणार नाही. म्हणून अ‍ॅसिडच्या गाड्या पाहाल तर टाकी बारकी दिसते, कमी गॅलनची, आणि खालची बोगी तेवढीच भक्कम. जुन्या फोटोत एखादी बारीक टाकी मोठ्या फ्रेमवर बसलेली दिसली की समजून घ्यायचं, आत जड माल आहे. पेट्रोलवाल्यांना उलटं पाहिजे, बोगीत वजन शिल्लक आहे तर टाकी मोठी करा, म्हणून १०००० गॅलनवाल्या आल्या, १०००० गॅलन पेट्रोल ६१००० पौंडच होतं, ५० टनी बोगीवर आरामात.

म्हणूनच अमेरिकेत टँक कारची ओळख गॅलननं करायचे. कोणता माल भरणार हे गाडी बनवताना ठरलेलंच असेल असं नाही, टाकीचं माप मात्र बदलत नाही.

सिग्नलडाउन:

डोमचं कोणीच नाही सांगितलं म्हणून मी लिहितो, माझा आवडता विषय आहे.

द्रव गरम झाला की फुगतो, पेट्रोल तर भरपूरच, एका अंशाला हजारात साधारण एक भाग. ३०२८३ लिटरची टाकी सकाळी गारव्यात भरली आणि दुपारपर्यंत आतला माल २० अंशानं तापला तर ६०० लिटर वाढतात. नागपूरच्या मे महिन्यात हे कोणाला वेगळं सांगायला नको. आता ते ६०० लिटर जाणार कुठे? टाकी गच्च भरलेली असेल तर एकतर व्हॉल्व्हमधून बाहेर येईल नाहीतर पत्रा ताणला जाईल. म्हणून वर डोम. त्या काळच्या नेहमीच्या टाक्यांना डोमची जागा टाकीच्या किमान २ टक्के पाहिजे असा नियम होता, ८००० चे २ टक्के १६० गॅलन, म्हणजे ६०६ लिटर. वरच्या हिशोबाशी ताडून पाहा.

दुसरा फायदा, माल थेट डोमपर्यंत भरला की टाकीच्या आत मोकळी जागाच राहत नाही, गाडी सुरू होताना थांबताना आतला माल लाटेसारखा पुढेमागे आदळत नाही. अर्धवट भरलेला पाण्याचा टँकर ब्रेक मारल्यावर कसा हिसका देतो ते कोणत्याही ड्रायव्हरला विचारा. शिवाय मॅनहोल आणि सेफ्टी व्हॉल्व्ह डोमवरच बसवलेले, सगळी वरची कामं एका जागी.

मग दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू विचार बदलला. टाकीच थोडी मोठी करायची आणि भरताना वर ठरावीक मोकळी जागा सोडायची, डोम पाहिजेच कशाला. टाकीला वरून मोठं भोक पाडून त्यावर डोम जोडायचा म्हणजे तिथेच कमजोर जागा तयार होते, ती गेली. आपल्या बीटीपीएनवर पण माल भरायला वर झाकण आहेच, पण फुगणाऱ्या मालासाठीची जागा टाकीच्या पोटातच सोडलेली असते. पाटीवर हे चित्र काढून दाखवा, दोन टाक्या शेजारी शेजारी, एकीत माल डोमपर्यंत आणि दुसरीत वर रिकामी फट.

इतवारीकर:

जोडून अजून मागचं सांगतो, कारण लोकांना वाटतं पहिल्या दिवसापासून टाकी आडवीच होती. १८५९ ला पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला तेलाची विहीर लागली तेव्हा तेल लाकडी पिंपांतून जायचं, पिंपं गळायची, चढवा उतरवा, भयंकर खर्च. १८६५ ला डेन्समोर नावाच्या दोन भावांनी सपाट डब्यावर दोन उभ्या लाकडी टाक्या बसवल्या, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेल्या, प्रत्येकीत ४० ते ४५ बॅरल. दोन्ही मिळून ८०-९० बॅरल, आपल्या हिशोबानं १३-१४ हजार लिटर. पण उभ्या टाक्या म्हणजे सगळं वजन वर, वळणावर धोका, आणि लाकूड शेवटी गळणारच. चार-पाच वर्षांतच आडव्या लोखंडी टाक्या आल्या, बॉयलरसारख्या, आणि तेव्हापासून आकार तोच आहे. तुमच्या पाटीवर १८६५ चे ८०-९० बॅरल आणि तुमच्या गाडीचे १९० बॅरल एकाखाली एक लिहा, साठ वर्षांत दुपटीच्या वर गेलेलं दिसेल.

आणि या छोट्या गाड्यांनी केलेलं काम पाहा. १९४२ ला जर्मन पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेलवाहू जहाजं बुडवायला लागल्या, तोपर्यंत तिकडचं जवळजवळ सगळं तेल समुद्रानंच यायचं. मग ते रेल्वेवर आलं आणि जोर होता तेव्हा दिवसाला ९ लाख बॅरलच्या वर तेल टँक कारनं गेलं. ९ लाख बॅरल म्हणजे १ लाख ४३ हजार किलोलिटर. आपला ५० बीटीपीएनचा रेक (म्हणजे पूर्ण गाडी) काठोकाठ धरला तरी ३५२० किलोलिटरचा, म्हणजे असे ४० रेक रोज, आणि तेही बीटीपीएनच्या निम्म्या मापाच्या गाड्यांनी ओढलेले. यार्डातल्या लोकांनी काय काम केलं असेल, मला तर विचार करूनच त्यांच्याबद्दल आदर वाटतो.

वर्धा_रोड_प्रवासी:

मोठ्यात मोठी टाकी केवढी झाली मग? मी कुठेतरी आठ अ‍ॅक्सलच्या टाकीचा फोटो पाहिला होता, पोट खाली लोंबलेलं.

सिग्नलडाउन:

हो, १९६० च्या दशकातल्या त्या. १९६३ ला ५०००० गॅलनची आली आणि १९६५ ला ६०००० गॅलनची, म्हणजे २ लाख २७ हजार लिटर, एकाच डब्यात आपल्या तीन बीटीपीएनच्या वर. दोन बोग्या पुढे, दोन मागे, आणि मधलं पोट बोग्यांच्या मध्ये खाली उतरवलेलं म्हणजे उंची वाढत नाही. पण एवढा माल एका पत्र्याच्या आत असणं म्हणजे अपघात झाला तर केवढा मोठा, हा प्रश्न आलाच. १९७० ला तिथल्या सरकारनं नवीन टँक कारवर मर्यादा घातली, ३४५०० गॅलन आणि गाडीसकट २६३००० पौंड, म्हणजे १ लाख ३० हजार लिटर आणि ११९ टन. मला तो निर्णय एकदम योग्य वाटतो.

जुनी_टीएक्सआर_डायरी:

गॅसच्या वॅगनचं पण सांगून ठेवतो, नागपूरकडे त्याही येतात. बीटीपीजीएलएन, एलपीजीची, पांढरी लांब. टाकी ७९.४८ किलोलिटर, बीटीपीएनपेक्षा मोठी, आणि लोड फक्त ३७.६ टन. कारण गॅस दाबाखाली द्रव ठेवायचा तर पत्रा जाड पाहिजे, वॅगनचं स्वतःचंच वजन ४१.६ टन, आतल्या मालापेक्षा जास्त. वर गॅस तापला की फुगतो पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे मोकळी जागा पण तेवढी सोडावी लागते. लांब दिसते म्हणून जास्त माल असेल असं समजायचं नाही.

वॅगनचं स्वतःचं वजन हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे. अ‍ॅक्सल लोड रूळ ठरवतो, तो आपल्या हातात नाही, पण टेअर कमी केलं तर तेवढाच माल वाढतो. म्हणूनच पुढे बीटीएफएलएन आली, तिला खालची लांब फ्रेमच नाही, टाकीच फ्रेमचं काम करते. तुझ्या १९२० च्या गाडीत बघ, टाकी वेगळी, फ्रेम वेगळी, वरून लोखंडी पट्ट्यांनी बांधलेली. ते सगळं लोखंड रोज वाहून न्यायचं आणि त्याचं भाडं कोणी देत नाही.

अजून एक, आमच्या वेळी तेल डेपोवाले नुसत्या लिटरवर कधी विश्वास ठेवत नव्हते. झाकण उघडून डिप रॉड टाकायचे, तापमान घ्यायचे, घनता घ्यायची, मग १५ अंशावरचा आकडा काढून कागदावर लिहायचे. दुपारी ४४ अंशाला मोजलेले लिटर आणि पहाटे मोजलेले लिटर वेगळेच येणार, माल तोच असला तरी. पोरांना हे सांगशील तर त्यांना फार आवडेल.

एचओवाला_नागपूर:

काका, हे नक्की सांगतो. मी ठरवलं, माझी गाडी मळीची करतो, म्हणजे गॅलन आणि पौंड दोन्ही आकडे पोरांसमोर जुळवून दाखवता येतील. शेजारी बीटीपीएन बनवणार, तिच्या पाटीवर पेट्रोल, डिझेल, पाणी तिन्हीचे टन. मळीच्या गाडीला बाहेरून काही वेगळं दाखवावं लागतं का?

मळीचा_हिशोब:

मळी थंडीत इतकी घट्ट होते की खालच्या व्हॉल्व्हमधून निघतच नाही, म्हणून अशा मालाच्या गाड्यांमध्ये टाकीच्या आत तळाला वाफेचे पाइप फिरवलेले असायचे. रिकामी करायच्या जागी बॉयलरची वाफ जोडायची, मळी पातळ झाली की सोडायची. बाहेरून त्याची दोनच टोकं दिसतात, खाली टाकीच्या तळाशी. अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार वाकवून लावा आणि टोकावर छोटं टोपण दाखवा. डोमच्या कडेनं खाली ओघळ आलेला पण दाखवा, पण तपकिरी काळसर आणि चमकणारा, तेलासारखा मॅट नाही, मळी वाळली तरी चमकते.